उभ्या पिकातली पहिली पेंढी

आत्या,

तुझ्या मातीला आलेल्या बायका परत जाताना एकमेकींना तुझ्याबद्दल एकच गोष्ट सांगत होत्या. ह्या बाईनं आपल्या रानातला हुरडा कधी तोंडात घातला नाही. तुझे यजमान, आमचे मामा, गेल्यावर तू माहेरच्या गावी परत आलीस, वाट्याची जमीन एकटीनं कसलीस, महिला मंडळाची कामं केलीस, हे सगळं चर्चच्या पाळकसाहेबांनी कबरेपाशी सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. पण बायकांच्या लक्षात राहिला तो हुरडा. मला त्या गर्दीत रडता रडता हसू आलं. तू असतीस तर तूही पदर तोंडाला लावून हसली असतीस.

पाळकसाहेब म्हणाले होते, तू कॉलेजात शिकतेस, मंडळीच्या मासिकासाठी आत्याबद्दल चार शब्द लिहून दे. मी जन्म, शिक्षण, लग्न, सेवा अशा क्रमानं लिहायला बसले. लिहून झाल्यावर वाचलं तर ती बाई मला ओळखू येईना. आपल्या घरात लिहिण्याची सवय कोणाला नाही. पप्पा टेम्पो चालवतात, आई सही करते ती अजून एकेक अक्षर जपून लावत. मी संगमनेरला बी.एस्सी.ला गेले ती घरातली पहिली, आणि तिथंही माझं लिहिणं म्हणजे पानाफुलांच्या आकृत्या आणि त्यांची नावं. त्यामुळे हे नीट उतरेल की नाही, माहीत नाही. तुझ्याशी बोलायची सवय मात्र आहे. म्हणून तुलाच लिहिते.

हुरड्याची गोष्ट तूच मला इतक्यांदा सांगितलीस की मला ती पाहिल्यासारखी वाटते. माझ्या जन्माच्या आसपासचा दुष्काळ. रानात काही नव्हतं, तू गाय आणि कालवड घेऊन चारा छावणीवर जाऊन राहिलीस. दिवसभर करायला काम नाही. मग तू पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलंस, मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं वाचन, ओळीवर बोट ठेवून. त्यातलं तिसरं पुस्तक आपल्या मंडळीत बहुतेक लोक वगळतात. यज्ञ, रक्त, कोड, काय खावं आणि काय नाही. तू वगळलं नाहीस, कारण वेळच वेळ होता. आणि त्यात तुला एकदम शेत सापडलं. पीक काढायला लागलात की पहिली पेंढी याजकाकडे आणा, त्यानं ती देवापुढं ओवाळावी, आणि तोपर्यंत नव्या धान्याची भाकरी, भाजलेले दाणे, हिरवी कणसं, काहीही खायचं नाही.

छावणी उठल्यावर घरी येऊन तू पप्पांना विचारलंस, "दावीद, भाजल्याले दाने आन् हिरवी कनसं म्हंजी काय रं?"

पप्पा म्हणाले, "हुरडा."

"व्हय ना? मंग."

त्या एका शब्दानं आमच्या रानातला हुरडा बंद झाला. थंडीत सगळं शिवार धुरानं भरलेलं असायचं. शेजारी शेवंताकाकूच्या रानात आगटी पेटायची, गोवऱ्यांवर कणसं भाजायची, हातावर चोळून दाणे निघायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आपल्या बांधावर मात्र तू राखणीला बसलेली, पाखरांवर आणि आमच्यावर. तरी तू निर्दय नव्हतीस. मुलांना तू सांगायचीस की शेवंताच्या रानात जाऊन खा, आपल्यातला नको. मी एकदा विचारलं की देवाला काकूचं रान आणि आपलं रान वेगळं कळतं का. तू म्हणालीस, सात-बारा त्याच्याकडं असतोय, तू खा गुमान. स्वतः मात्र तू तिथंही खाल्ला नाहीस. बंदी उठायची ईस्टरला, आणि ईस्टरपर्यंत ज्वारी खडखडीत वाळलेली असायची. काकू तुला चिडवायची, तुमचा देव सुट्टी देतो तवा हुरडा सरलेला असतो. तू म्हणायचीस, मग मी भाकर खाते.

ईस्टरच का, हे तू मला चौथी-पाचवीत असताना समजावलंस. आपण बांधावर बसलो होतो आणि तू काडीनं मातीत रेघा मारत होतीस. ही वल्हांडणाची रेघ, यहुदी लोक मिसरातून सुटले त्या सणाची. वल्हांडणाला प्रभू मेला. हा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, ह्या दिवशी तो कबरेत. आणि शब्बाथानंतरच्या सकाळी पेंढी ओवाळायची असा नियम. म्हणजे बघ, तू म्हणालीस, "तिकडं मंदिरात याजक पेंढी ओवाळत हुता आन् हिकडं कबर उघडी पडली हुती. आन् याजकाला ठावंच न्हाई." पौल आपल्या पत्रात त्याला मेलेल्यांतलं प्रथमफळ का म्हणतो, ते तुला त्या रेघांमध्ये दिसलं होतं. पहिली पेंढी आली, म्हणजे मागं अख्खं रान आहे. एका पेंढीसाठी कोणी पेरत नाही. पुढं मी कुठंतरी वाचलं की तो दिवस नेमका कसा मोजायचा यावर यहुदी शास्त्र्यांतच जुना वाद होता. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, ते त्यांचं भांडण त्यांना करू दे.

मग तू तुझी रीत घातलीस. ज्वारी काढायची तेव्हा काढायची, पण बांधाकडची दोन ओळी ताटं उभी ठेवायची. पाखरांनी खाऊ नये म्हणून त्यांच्या कणसांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या. लांबून वाटायचं, डोक्याला फडकी बांधून बाया उभ्या आहेत. बाकीचं पीक सुडी रचून रानातच. मळणी नाही, घरात एक दाणा नाही. ईस्टरच्या पहाटे उभ्यातली पेंढी काढून चर्चमध्ये नेली की मगच मळणी.

सगळं घर तुझ्यावर चिडायचं ते यासाठी. आपल्याकडं मार्चमध्ये अवकाळी कधी येईल सांगता येत नाही. मी सातवीत असताना तो आला. सुडी भिजली, ज्वारी काळी पडली. पप्पा तुला इतकं बोलले की आई मध्ये पडली. तू वर्षभर ती काळी भाकरी खाल्लीस, आणि आम्ही तुझ्याकडं आलो की आमच्यासाठी शेजारून पांढरं पीठ आणायचीस. पुढच्या वर्षी पुन्हा सुडी रानातच. मी तेव्हा तुला हट्टी समजत होते. अजूनही समजते, आत्या. प्रेमानं समजते.

पाळकसाहेबांनाही तुझं सगळं पटायचं नाही, हे मी इथं लिहिलं तर ते रागावणार नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपला हंगामाचा सण आहे की. लोक भोपळे, कोंबड्या, धान्य आणतात, लिलाव होतो, उपकारस्तुती होते. आणि नियमशास्त्राचं ओझं प्रभूनं उतरवलंय, तू कशाला परत उचलतेस? तू त्यांना म्हणालीस की मी पाप फेडायला आणत नाही, आठवण म्हणून आणते. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पेंढी हातात घ्यायचे, बरं बरं म्हणायचे आणि वेदीच्या कडेला ठेवायचे. तुला तेवढं पुरायचं. मला वाटतं, त्यांनाही हळूहळू त्या पेंढीची सवय झाली होती. एका वर्षी तुला यायला उशीर झाला तर त्यांनी पहिलं गीत दोनदा म्हणायला लावलं होतं.

आपले वाद कॉलेजनंतर सुरू झाले. पहिल्याच सत्रात मी बीजाची रचना शिकले आणि सुट्टीत येऊन तुला सांगितलं की दाणा मरत नाही. त्यात जीव असतोच, झोपल्यासारखा. मेलेला दाणा पेरला तर उगवतच नाही. म्हणजे दाणा मातीत पडून मरतो तेव्हा पीक येतं, हे प्रभूचं उदाहरण विज्ञानाच्या दृष्टीनं बरोबर नाही. तू भाकरी थापत होतीस. थापता थापता थांबलीस. म्हणालीस, "आसंल. तुला आतलं दिसतंय. मी पेरते तवा मला तो गेल्यालाच दिसतो." तू जिंकलीस असं मला वाटलं नाही, आणि मी जिंकले असंही नाही. आपण दोघी त्या तव्याकडं बघत बसलो.

माझी दुसरी अडचण मोठी होती. पहिली पेंढी येऊन दोन हजार वर्षं झाली. असं कुठलं रान आहे, ज्याची पहिली पेंढी आली आणि बाकीचं पीक अजून आलं नाही? तू म्हणालीस, मलाबी लई वाट बघावी लागली बाई.

तेव्हा मला कळलं की तुझ्यासाठी हा काही सिद्धान्ताचा प्रश्न नव्हता. मामा तिशीत गेले. तू साठी ओलांडलीस. एकदा ज्वारी राखताना तू मला असं विचारलंस की मी आधी चेष्टा समजले. "ते मला वळखतील का गं? ते तसंच तरणं, आन् मी ही आशी." मग माझ्या उत्तराची वाट न बघता तूच बोलत राहिलीस. पेरतो दाणा, उगवतं ताट, दोन्हीत काही सारखं दिसत नाही. तरी ज्वारी पेरली की ज्वारीच येते, बाजरी येत नाही. म्हणजे ओळखू येत असेल. हे तू मला सांगत नव्हतीस. समोरच्या रानाला सांगत होतीस.

आणि तो मांडवांचा सण. पीक सगळं घरी आल्यावर सात दिवस डहाळ्यांच्या खोपटात राहायचं, हा नियम तुला पाळता आला नाही. तुझ्या गुडघ्यांना जमिनीवर झोपणं जमेना. त्याऐवजी तू ऊसतोडीची माणसं आली की त्यांच्या कोपीत जाऊन बसायचीस, कालवण घेऊन. मी एकदा बरोबर होते. पाचटाच्या त्या कोपीत वाकून शिरताना तू म्हणालीस की आपली पण कोपीच आहे, गळीत संपलं की सगळे आपापल्या गावाकडं. तिथल्या बाईनं लगेच सांगितलं की आमचं गाव लई लांब हाय मावशी. तू म्हणालीस, आमचं बी.

यंदा जानेवारीत तुझं पोट दुखायला लागलं. तू अंगावर काढलंस. नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पप्पांना बाहेर बोलावून घेतलं. मी संगमनेरहून आले ती दुपार मला आता सारखी आठवते. आई डबा धुवायला गेली होती. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. तू सुडीबद्दल विचारलंस, आभाळ कसं आहे विचारलंस, आणि मग म्हणालीस की यंदाची पेंढी तू ने.

मी हो म्हटलं नाही. तुला खोटं सांगणं मला कधी जमलं नाही, आणि त्या दुपारी तर नाहीच. पेंढी ओवाळायची म्हणजे मागून सगळं रान येणार आहे असं देवासमोर उभं राहून म्हणायचं. मी म्हटलं, "आत्या, मला तेवढी खात्री नाही. तुझ्यासारखी."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, तुला वाईट वाटलं. मग तू म्हणालीस, "मला कुठं हाय गं खात्री? खात्री आसती तर पेंढी कशाला न्हेली आसती? पोतंच न्हेलं आसतं."

त्यानंतर नर्स आली आणि बोलणं राहिलं. मी हो किंवा नाही म्हणायचं राहिलं. परीक्षा होती म्हणून मी परत गेले, आणि तू गेल्याचा फोन मला हॉस्टेलच्या जिन्यात आला.

आत्या, तुला एक गोष्ट कळवायची आहे. ती पप्पांनी तुला कबरेपाशी सांगितली असेल, कारण ते तिथं एकटे बराच वेळ थांबले होते. पण नीट सांगितली नसेल. तू दवाखान्यात होतीस तेव्हा एक दिवस आभाळ भरून आलं. मोबाईलवर गारपिटीचा इशारा. पप्पांना ती काळी ज्वारी आठवली. तू आजारी असताना तुझं पीक परत भिजलं तर तोंड कसं दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी दवाखान्यातूनच फोन करून मजूर बायका लावल्या, मळणीयंत्र बोलावलं. बायकांनी विचारलं, बांधाकडची चिंध्या बांधलेली ताटंपण काढायची का. डॉक्टर समोर उभे होते. पप्पा म्हणाले, सगळं काढा, एक ताट ठेवू नका. संध्याकाळपर्यंत सगळी ज्वारी पोत्यांत भरून घरात आली. गारा पडल्याच नाहीत. ती दोन ओळींची गोष्ट पप्पांना तुझ्या मातीच्या दिवशी आठवली, पाळकसाहेब प्रथमफळाचं वचन वाचत असताना. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी माझा हात एकदम घट्ट धरला. का धरला ते मला नंतर कळलं.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी मी घरी आले. उपासनेनंतर पप्पा मला रानात घेऊन गेले. तुझं रान सगळं मोकळं, फक्त कापलेल्या ताटांची सडं. बांधाला एका दगडाखाली त्या चिंध्या कोणीतरी नीट घडी करून ठेवल्या होत्या. पप्पा म्हणाले की पोत्यातून ओंजळभर घेऊन जा, दाणे तर तेच आहेत. आवाज असा, की मी नाही म्हणू नये.

मी तिथं बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पेंढीच नाही, तर ओवाळायचा प्रश्नच नाही. पाळकसाहेबही समजून घेतील, हंगामाच्या सणाला पोतंभर देऊन टाकू. आणि मग तुझं दवाखान्यातलं बोलणं मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. त्या दुपारी ऐकलं होतं तेव्हा तू मला धीर देतेयस एवढंच वाटलं होतं. लिलावाच्या सणाला आपण नेतो ते घरात आलेलं असतं. ते आभार. पण पहिली पेंढी नेणारा माणूस नेतो तेव्हा त्याचं सगळं पीक अजून बाहेर असतं. गारा पडू शकतात, काळं पडू शकतं. त्याला काही माहीत नसतं. तरी तो एक पेंढी घेऊन जातो आणि जणू सगळं आलंच आहे असं उभं राहतो. म्हणून तू दरवर्षी सुडी बाहेर ठेवत होतीस. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुझ्याकडं खात्री आहे आणि माझ्याकडं नाही, हा आपल्यातला फरक. तसं नव्हतं. फरक एवढाच की तू न्यायचीस.

ओंजळभर दाणे चालले नसते, आत्या. ते सुरक्षित होते.

मी उठून शेवंताकाकूकडं गेले. तिचा कांदा यंदा उशिरा निघाला, म्हणून ज्वारीची पेरणीही उशिरा झाली होती. अख्खं रान उभं होतं. काकू बांधावरच होती. मी काय हवंय ते सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुज्या आत्यानं जल्मात माजा हुरडा खाल्ला न्हाई. आन् तू आता ताटं न्ह्याया आलीस व्हय?"

मग स्वतःच विळा घेऊन रानात शिरली. एक ताट धरायची, कणीस वाकवून बघायची, सोडून द्यायची, पुढचं धरायची. देवाला नेताना निवडून न्यायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पेंढी बांधून माझ्या हातात देताना तिनं विचारलं की आमच्या रानातलं तुमच्या देवाला चालतं का. मी म्हटलं, मला माहीत नाही काकू. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, चालंल, न चालून सांगतो कुनाला. आणि मी निघाले तेव्हा मागून म्हणाली, "माजं रान आजून उबं हाय बग. वाईच त्याचं बी नाव घे."

ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात झाली. तुझी माती अजून वर होती, तिच्यावर सुकलेला झेंडू. लोक मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांपाशी उभे होते. मी तुझ्याजवळ, पप्पा आणि आई माझ्या मागं. उजाडायला लागलं तसं पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्त उठला आहे. सगळे म्हणाले, खरोखर उठला आहे. माझ्या तोंडून ते नेहमीसारखं सवयीनं निघालं आणि मग मला ते ऐकू आलं, शेजारी तू असताना. शेजारी म्हणजे खाली.

मग आम्ही चर्चमध्ये गेलो. कडेला ठेवायला पाळकसाहेब पेंढी घ्यायला पुढं येतील म्हणून मी हात पुढं केले. त्यांनी घेतली नाही. बाजूला सरले आणि म्हणाले, तूच ओवाळ. तू काय म्हणायचीस ते मला पाठ होतं: "प्रभू, हे पैलं. बाकीचं तुज्या हाती." मला तुझा आवाज काढावासा वाटला नाही. मी माझ्या बोलण्यात म्हटलं, प्रभू, ही पहिली. बाकीचं रान अजून उभं आहे. शेवंताकाकूचंही. तुझं नाव घ्यायचं होतं, ते राहून गेलं. हात मात्र थांबले नाहीत. कणसं जड असतात गं. ओवाळताना ती आपल्या वजनानं झुकतात, सगळी एका बाजूला, मग सगळी दुसऱ्या बाजूला. हे मला माहीत नव्हतं. तू पेंढी न्यायचीस तेव्हा बाकावरून फक्त तुझी पाठ दिसायची.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली आणि पप्पांनी कोपऱ्यातलं एक पोतं ओढून त्याची शिवण उसवली. मी आईला विचारलं की हे पोतं आज कसं उघडलं, ज्वारी तर केव्हाच घरात आली आहे. आई पप्पांकडं बघत म्हणाली की ह्यांना विचार. पप्पा सुतळी गुंडाळत राहिले. मग आईनंच सांगितलं. तू गेल्यापासून आमच्या घरात दुकानाचं पीठ येत होतं. घरात पोती भरून ज्वारी, आणि पप्पांनी तिला हात लावू दिला नव्हता. ईस्टर होऊ दे, म्हणत होते. तुला बोलणारे, तुझ्या सुडीवरून घर डोक्यावर घेणारे तुझे दावीद. गिरणी त्या दिवशी बंद, म्हणून त्यांनी शेवंताकाकूचं जातं मागून आणलं आणि स्वतः बसून दळलं. पीठ जाड आलं. भाकरीला चिरा पडल्या. पहिली भाकरी मोडताना पप्पांनी प्रार्थना केली ती फार छोटी होती आणि तिच्यात तुझं नाव होतं. जे मला चर्चमध्ये जमलं नाही, ते त्यांना चुलीपाशी जमलं.

आता मी परत संगमनेरला आहे. शास्त्रात मोजायला सांगितलेले सात आठवडे चालू आहेत, पेंढीपासून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंतचे. परवा पाळकसाहेबांचा फोन आला होता. लेखाची आठवण करून दिली आणि मग म्हणाले की आत्या त्या सणाला दोन भाकरी आणायच्या, यंदा कोण आणणार. त्या दोन भाकरींत पीठ आंबवणारं खमीर असायचं, आणि मला लहानपणी ते नवल वाटायचं, कारण शास्त्रात खमीर म्हणजे बहुतेक ठिकाणी वाईटच. तू सांगितलं होतंस की पहिली पेंढी प्रभूची, तिच्यात काही मिसळायचं नाही. ह्या दोन भाकरी आपल्या. आपल्यात आंबटपणा असणारच, तो काढून आणा असं देव म्हणत नाही, तसंच आणा म्हणतो. मी फोनवर पाळकसाहेबांना सांगितलं, मी आणीन. यावेळी मला विचार करावा लागला नाही.

ज्वारीचं पीठ आंबवून तू त्या कशा करायचीस हे मात्र कोणालाच माहीत नाही. आईला वाटतं, तू ताक घालायचीस. काकू म्हणते, नुसतं कोमट पाणी. पीठ एक रात्र ठेवायचं की दोन, यावर त्या दोघींचं फोनवर भांडण झालं. मी आदल्या दिवशी घरी जाऊन करून बघणार आहे. बिघडल्या तरी नेणार आहे. इतक्या गोष्टींवर आपण वाद घातला, आणि ही एवढी साधी गोष्ट तुला विचारायची राहून गेली. भेटलीस की विचारीन.

हे शेवटचं वाक्य लिहिण्याच्या ओघात आलं. परत वाचलं तेव्हा मी ते खोडणार होते. राहू देते.